शिकागोचे पियानोवादक व कार्नेगी सभागृहांतील मैफल

एखाद्या कलेचा जाहीर सत्कार होतो तेव्हां दोन गोष्टी एकदम घडतात. जी कला आजवर एका वस्तीची किंवा एका गल्लीची होती ती सर्वांची होते. आणि त्याच क्षणीं ती त्या गल्लीला थोडी परकीही होते. लावणी, ओवी, पोवाडा यांच्या बाबतींत आपणांस हा अनुभव आलेलाच आहे. या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेच्या इतिहासांतील एक प्रसंग फार उपयोगी पडण्यासारखा आहे. १९३८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस न्यूयॉर्क येथील कार्नेगी सभागृहांत एक मैफल झाली. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तींत वाढलेले दोन पियानोवादक, आणि कॅन्सस सिटी या शहरांतील तिसरा, असे तिघे त्या रात्रीं अमेरिकेंतील एका अत्यंत प्रतिष्ठित व्यासपीठावर बसले; आणि ज्या संगीतास प्रतिष्ठित समाजांत तोंवर कोणी विचारीत नव्हतें तें त्यांनीं तेथें वाजविलें. या मैफलीनें त्या संगीताचें व ते वाजविणाऱ्यांचें काय भलें केलें, आणि काय केलें नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें संगीत समजावयाचें तर आधीं शिकागो शहर समजलें पाहिजे. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नाहींशी झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय शेतकऱ्याची स्थिति फारशी पालटली नाहीं. दुसऱ्याच्या जमिनींत वांट्यानें कापूस पिकवावा, वर्षअखेर मालकाच्या वहींत आपल्याच नांवावर कर्ज निघावें, मताचा हक्क कागदावर राहावा, आणि क्षुल्लक संशयावरून जमावानें एखाद्यास झाडाला टांगावें, असें तें जिणें होतें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि युरोपांतून अमेरिकेंत येणारा मजुरांचा लोंढा आटला. उत्तरेकडील कारखान्यांस माणसें कमी पडूं लागलीं, आणि दक्षिणेंतून उत्तरेकडे माणसांची रीघ लागली. मिसिसिपी राज्यांतून निघणारी इलिनॉय सेंट्रल कंपनीची आगगाडी शिकागोस पोंचे. रॉबर्ट ॲबट यानें १९०५ सालीं काढलेलें ‘शिकागो डिफेंडर’ हें वृत्तपत्र आगगाडीवरील कृष्णवर्णीय नोकर दक्षिणेंत नेऊन वांटीत, आणि तें वाचून खेड्यांतील माणूस गांठोडें बांधी. १९१० सालीं शिकागो शहरांत कृष्णवर्णीयांची संख्या ४४,१०३ होती. १९२० सालीं ती १,०९,४५८ झाली, आणि १९३० सालीं २,३३,९०३. म्हणजे वीस वर्षांत ती पांचपटीहूनही अधिक वाढली.

या माणसांना राहावयास जागा मात्र शहराच्या दक्षिण भागांतील एका अरुंद पट्ट्यांतच मिळे. त्या पट्ट्याबाहेर घर घेऊं पाहणाऱ्यास गोरे शेजारी कधीं करारपत्रांनीं, तर कधीं बाँब टाकून अडवीत. १९१९ सालच्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस मिशिगन सरोवरांत पोहणारा यूजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या म्हणून मानलेल्या पाण्याच्या बाजूस वाहत गेला; किनाऱ्यावरून त्याच्यावर दगड फेकण्यांत आले व तो बुडून मेला. त्यावरून जो दंगा उसळला त्यांत ३८ माणसें मेलीं. त्यांतील २३ कृष्णवर्णीय व १५ गोरीं होतीं. अशा कोंडलेल्या वस्तींत घराचें भाडें किती चढें असेल याची कल्पना करतां येईल. एकाच घराचे तुकडे पाडून मालक त्यांत चार कुटुंबें घाली, आणि प्रत्येकाकडून पुऱ्या घरासारखें भाडें वसूल करी.

या भाड्यांतूनच आपल्या विषयाचा उगम होतो. भाड्याचा दिवस जवळ आला आणि हातांत पैसा नसला, कीं घरवाली आपल्या खोलींतील सामान बाजूला सारी, भांडें भरून मांस व भात शिजवी, चोरून गाळलेली दारू आणवी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावणें धाडी. दारांत थोडेसे पैसे द्यावे, खावें, प्यावें, आणि रात्रभर नाचावें. सकाळपर्यंत भाड्याची रक्कम उभी राही. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदीचा कायदा होता. त्यामुळें अशा घरगुती बैठकींना आणखीच भर आला. या बैठकींत नाचाला संगीत तर हवेंच. पण वाद्यवृंद बोलावण्याची ऐपत कोणाची असणार? पियानो मात्र पुष्कळ घरांतून असे. उभ्या पेटीचा जुना, बेसूर झालेला, दोनचार पट्ट्या मुक्या असलेला असा तो पियानो एका माणसाच्या दहा बोटांनीं साऱ्या वाद्यवृंदाचें काम करूं शके. वादकाला मोबदला म्हणून जेवण, दारू आणि थोडे पैसे मिळत. एका रात्रींत अशा दोन तीन घरीं जाऊन तो आपलें पोट भरी.

आतां या संगीताचें स्वरूप पाहूं. ‘ब्लूज’ या गीतप्रकाराचा सांगाडा अगदीं साधा आहे. चार मात्रांचा एक विभाग, असे बारा विभाग मिळून एक आवर्तन होतें. पहिले चार विभाग षड्जावर उभारलेल्या स्वरसमूहावर जातात. पुढील दोन मध्यमावर आणि दोन पुन्हां षड्जावर. मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटचे दोन षड्जावर येऊन विसावतात. गीताच्या ओळीही याच बेतानें येतात. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचें उत्तर द्यावयाचें. दुःख एकदां सांगून भागत नाहीं, म्हणून तें दोनदां सांगावें आणि तोंवर उत्तर सुचावें, असाच जणूं हा बेत आहे.

शिकागोच्या पियानोवादकांनीं हा सांगाडा घेऊन त्याच्या खालीं एक नवें जोतें घातलें. तें म्हणजे डाव्या हाताचें काम. उजवा हात नवनव्या स्वरपंक्ति रचीत असतां डावा हात एकच छोटी आकृति अखंड घोळवीत राहतो. प्रत्येक विभागांत तिचे आठ ठोके पडतात, आणि आवर्तनामागून आवर्तनें गेलीं तरी ती थांबत नाहीं. या पद्धतीस ‘बूगी-वूगी’ असें नांव पडलें. स्वतंत्र तबलावादन ऐकणाऱ्या आपल्या वाचकांस ही कल्पना नवी वाटणार नाहीं. सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा चाललेला असतो. तो बदलत नाहीं, आणि बदलत नाहीं म्हणूनच तबलजीला वाटेल तितक्या दूर जाऊन समेवर परत येतां येतें. भेद इतकाच कीं तेथें लेहरा धरणारा व त्यावर खेळणारा हे दोन असतात. शिकागोचा पियानोवादक हे दोन्ही धर्म एकाच देहांत सांभाळतो. त्याच्या एका हातानें हट्टानें तेंच म्हणावें, आणि दुसऱ्यानें तितक्याच हट्टानें तें म्हणूं नये, यांत या वादनाची सारी गंमत व सारें कौशल्य आहे.

दुसरी एक गोष्ट आपल्याकडील जाणत्यांस विशेष कौतुकाची वाटेल. ब्लूज गाणाऱ्याचा गंधार व निषाद हे ना कोमल ना शुद्ध. त्यांचें स्थान दोहोंच्या मधें कोठें तरी असतें, आणि तेथें गळा हेलकावत जातो. पियानोच्या पट्ट्या तर कायमच्या बांधलेल्या. त्यांतून हा मधला स्वर यावा कसा? आपल्याकडे बाजाच्या पेटीवर हाच आक्षेप होता, आणि तो इतक्या थराला गेला कीं १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला आपलें दार बंद केलें. तें पुढें तीस वर्षें बंदच होतें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांनीं त्या आक्षेपाला काय उत्तर दिलें हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. शिकागोच्या वादकांनीं आपल्या परीनें तेंच केलें. ते कोमल व शुद्ध गंधार एकदम दाबीत, किंवा काळ्या पट्टीवरून बोट पांढरीवर निसटूं देत. दोन स्वरांच्या घर्षणांतून कानाला तिसऱ्याचा भास होई. युरोपीय दिवाणखान्यासाठीं घडविलेलें वाद्य अशा रीतीनें आफ्रिकेच्या गळ्यानें बोलूं लागलें.

ही पद्धति एका माणसानें शोधून काढली असें म्हणतां येत नाहीं. दक्षिणेंतील लांकूडतोड्यांच्या वसाहतींत व आगगाडीच्या नव्या मार्गांवरील गुत्त्यांत तिचा पूर्वावतार वावरत होता. परंतु शिकागोंत तिला घराणें लाभलें, आणि त्या घराण्याचा वडील पुरुष म्हणून जिमी यान्सी याचें नांव घ्यावें लागतें. यान्सी लहानपणीं नाटकमंडळ्यांतून नाचत व गात फिरला. त्या निमित्तानें तो युरोपांतही जाऊन आला. पुढें तें सोडून तो शिकागोंत स्थायिक झाला, आणि तेथील ‘व्हाइट सॉक्स’ या बेसबॉल संघाच्या मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर त्यानें सुमारें पंचवीस वर्षें काढलीं. दिवसा गवत कापावें, रात्रीं मित्रांच्या घरीं पियानो वाजवावा. त्याचें वादन संथ, मोजकें व अंतर्मुख होतें. त्यांत घाई किंवा दिखाऊपणा कोठेंच नसे. त्याची एक गमतीची संवय होती. चीज कोणत्याही पट्टींत चाललेली असो, तो तिचा शेवट नेमका एकाच ठराविक पट्टींत करी. जणूं सही कोठें करावयाची हें त्यानें एकदां ठरवून टाकलें होतें.

त्याच्या पुढील पिढींतील तिघे तर कांहीं काळ एकाच इमारतींत राहत होते. त्यांतील क्लॅरेन्स स्मिथ, ज्याला सारे ‘पाइनटॉप’ म्हणत, हा मूळचा अलाबामा राज्यांतला. १९२८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २९ तारखेस शिकागोंत त्यानें एक तबकडी भरली, आणि तिच्या नांवांतच ‘बूगी-वूगी’ हा शब्द होता. या प्रकाराला तें नांव चिकटलें तें तिच्यामुळें. पुढें तीन महिनेही झाले नाहींत तों, १५ मार्च १९२९ रोजीं, एका नृत्यगृहांतील भांडणांत गोळी लागून तो मेला. त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. दुसरा अल्बर्ट ॲमन्स. हा १९०७ सालीं शिकागोंतच जन्मला; अंगानें दणकट आणि वादनांतही तसाच. तिसरा मीड लुईस, ज्याला सवंगड्यांनीं लक्झेंबर्गचा ड्यूक ठरवून ‘लक्स’ हें टोपणनांव दिलें होतें. ॲमन्स व लुईस दोघेही भाड्याची मोटार हांकीत. हे चालक बोलावणें आलें कीं कोठें तरी पियानोपाशींच सांपडत, म्हणून अखेर मालकानें गाड्यांच्या तळावरच एक पियानो आणून ठेवला, अशी आख्यायिका आहे.

लुईसनें १९२७ सालीं आगगाडीवरील आपली रचना ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ या नांवानें तबकडीवर भरली. लहानपणापासून त्यानें घराजवळून जाणाऱ्या गाड्या ऐकल्या होत्या. या रचनेंत डावा हात चाकांचा व रुळांच्या सांध्यांचा आवाज धरतो. उजवा हात शिटी वाजवितो, रूळ बदलतो, गति कमी करतो, आणि शेवटीं गाडी थांबवितो. ज्या वाहनानें साऱ्या वस्तीला शिकागोस आणलें त्याचाच ठेका या संगीतानें उचलला, हें विसरतां कामा नये. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्यांतून आपली लय घेते. ही ओवी आगगाडीच्या चाकांतून घेतलेली आहे. परंतु ती तबकडी जेमतेम खपली. तिची कंपनी मूळची खुर्च्या करणाऱ्या एका कारखान्याची होती. १९२९ सालीं अमेरिकेंत जी आर्थिक मंदी आली तींत तबकड्यांचा धंदा बुडाला, ती कंपनीही बंद पडली, आणि लुईस विस्मृतींत गेला.

येथें जॉन हॅमंड याचा प्रवेश होतो. हा १९१० सालीं न्यूयॉर्कच्या अतिश्रीमंत घराण्यांत जन्मलेला गोरा तरुण. आईकडून तो व्हँडरबिल्ट कुळांतला होता. वंशभेदाविरुद्ध त्याच्या मनांत खरी चीड होती आणि संगीताचा कान विलक्षण तीक्ष्ण होता. लुईसची ती जुनी तबकडी १९३१ सालीं त्याच्या हातीं पडली, आणि तो या वादकाचा शोध करूं लागला. चार वर्षांनीं, १९३५ सालीं, शिकागोंत ॲमन्सकडे विचारपूस करतां लुईस सांपडला. त्यावेळीं तो मोटारी धुण्याचें काम करीत होता. हॅमंडनें त्याच्याकडून ती रचना पुन्हां भरून घेतली. ॲमन्सचीही तबकडी १९३६ सालीं निघाली.

पुढें हॅमंडच्या मनानें घेतलें कीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय संगीताचा सारा प्रवाह, भजनापासून नृत्यसंगीतापर्यंत, एकाच रात्रींत कार्नेगी सभागृहांत मांडावयाचा. त्या मैफलीस त्यानें ‘स्पिरिच्युअल्सपासून स्विंगपर्यंत’ अशा अर्थाचें नांव दिलें. खर्चाचा भार ‘न्यू मासेस’ या डाव्या मताच्या नियतकालिकानें उचलला. मैफल अर्पण केलेली होती ती बेसी स्मिथ हिच्या स्मृतीस. ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांची ही सम्राज्ञी १९३७ च्या सप्टेंबरांत मिसिसिपी राज्यांत मोटारीच्या अपघातानें वारली होती. मैफलीसाठीं रॉबर्ट जॉन्सन या तरुण गायकासही आणावयाचें होतें. पण शोध करतां समजलें कीं तोही त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मरण पावला आहे. तेव्हां त्याच्या तबकड्या त्या भव्य व्यासपीठावर वाजवून श्रोत्यांस ऐकविण्यांत आल्या. भरगच्च सभागृह, रिकामें व्यासपीठ, आणि त्यावर मेलेल्या माणसाचा आवाज. हा प्रसंग मनास चटका लावणारा आहे. ज्या कलेचा सत्कार चालला होता तिचे कितीएक धनी सत्कारापूर्वींच निघून गेले होते.

त्या रात्रीं श्रोत्यांची गर्दी इतकी झाली कीं कांहींना व्यासपीठावरच बसविण्यांत आलें. काउंट बेसीचा वाद्यवृंद, सिस्टर रोझेटा थार्प हिचीं धर्मगीतें, सॉनी टेरी या अंध वादकाचा तोंडानें वाजविण्याचा बाजा, सिडनी बेशे याचें वादन असे अनेक प्रकार झाले. परंतु श्रोत्यांस अगदीं नवी वाटली ती पियानोवादकांची कामगिरी. ॲमन्स, लुईस, आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन हे तिघे निरनिराळे वाजवीत, आणि एकत्रही वाजवीत. जॉन्सनबरोबर जो टर्नर गायिला. हा पूर्वीं गुत्त्यांत दारू वाढतां वाढतां गाणारा मनुष्य होता. ज्या सभागृहाचें उद्घाटन १८९१ सालीं रशियन संगीतकार चायकॉव्स्की याच्या उपस्थितींत झालें होतें, तेथें आज भाड्याच्या खोलींतील डावा हात घुमत होता.

या मैफलीचीं फळें तात्काळ दिसलीं. पुढच्याच आठवड्यांत, ३० डिसेंबर रोजीं, जॉन्सन व टर्नर यांनीं ‘रोल एम पीट’ ही तबकडी भरली. श्रोत्यांत आल्फ्रेड लायन नांवाचा, हिटलरच्या जर्मनींतून निघून आलेला एक बर्लिनकर ज्यू तरुण होता. त्यानें अवघ्या दोन आठवड्यांनीं, ६ जानेवारी १९३९ रोजीं, ॲमन्स व लुईस यांना बोलावून त्यांचें वादन भरून घेतलें. आणि त्यांतून ‘ब्लू नोट’ ही पुढें जगप्रसिद्ध झालेली संस्था जन्मास आली. त्याच डिसेंबरांत न्यूयॉर्कांत ‘कॅफे सोसायटी’ हें उपाहारगृह निघालें. हार्लेमच्या प्रख्यात ‘कॉटन क्लबा’त व्यासपीठावर कृष्णवर्णीय आणि खुर्च्यांवर गोरे, अशी रीत होती, या नव्या जागेंत दोघेही शेजारीं शेजारीं बसत. तिघां पियानोवादकांना तेथें काम मिळालें. आणि १९३९ सालीं जिमी यान्सीचें वादन प्रथमच तबकडीवर आलें. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाकडे त्यापूर्वीं कोणीही यंत्र घेऊन गेलें नव्हतें. हें सारें या मैफलीच्या जमेच्या बाजूस मांडलें पाहिजे.

परंतु खर्चाची बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवणें इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. रॉबर्ट जॉन्सनच्या ऐवजीं बिग बिल ब्रूंझी या गायकास आणण्यांत आलें होतें. हा वर्षानुवर्षें शिकागोंत राहणारा, अनेक तबकड्या भरलेला, धंद्यांत मुरलेला कलावंत. पण मैफलींत त्याची ओळख करून देण्यांत आली ती आर्कन्सॉच्या शेतावरील एक मजूर म्हणून. शहरी वेष व शहरी सफाई असलेला कृष्णवर्णीय कलावंत न्यूयॉर्कच्या रसिकांस जणूं पुरेसा अस्सल वाटला नसता. ॲमन्स हा तरी काय, शिकागोंत स्वतःचा वाद्यवृंद चालविणारा नायक होता. ज्या कलावंतांनीं शेत सोडून शहर गांठलें, आणि शहराच्या घाईगर्दींतूनच आपली कला घडविली, त्यांना सत्कारासाठीं पुन्हां शेतांत नेऊन उभें करावें, हा उपकार नव्हे. रसिकाला आपल्या कल्पनेंतला भाबडा रानटी हवा असतो. समोर उभा असलेला शहाणा माणूस त्याला दिसत नाहीं. शाहीर किंवा तमासगीर यांस नागर व्यासपीठावर आणतांना आपणही हीच चूक कितीदां करतों याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट पैशाची. मैफलीनंतर बूगी-वूगीची देशभर लाट आली. गोऱ्यांच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांनीं ती उचलली. चित्रपटांत ती शिरली. युद्धकाळांत सैनिकांच्या करमणुकींत तिचा सुकाळ झाला. मॉन्ड्रिआन या डच चित्रकारानें १९४३ सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या एका प्रसिद्ध चित्रास तिचें नांव दिलें. मग लाट ओसरली, आणि ओसरली तेव्हां मूळचे धनी किनाऱ्यावर कोरडेच राहिले. ॲमन्स १९४९ च्या जानेवारींत अध्यक्ष ट्रूमन यांच्या पदग्रहणसमारंभांत वाजवून आला, आणि त्याच वर्षाच्या २ डिसेंबरास बेचाळिसाव्या वर्षीं शिकागोंत वारला. लुईस कॅलिफोर्नियांत गेला, आणि १९६४ सालीं मोटारीच्या अपघातांत सांपडून मेला. पीट जॉन्सन बफलो शहरीं जाऊन राहिला, आणि तेथें हलकींसलकीं कामें करून त्यास पोट भरावें लागलें. यान्सी व त्याची गायिका पत्नी एस्टेला यांनीं १९४८ सालीं कार्नेगी सभागृहांत आपली कला सादर केली खरी. पण त्याची मैदानावरील नोकरी त्यानंतरही चालूच होती. १९५१ च्या जुलैंत त्यानें आपलें शेवटचें वादन भरून दिलें, आणि सप्टेंबरांत तो गेला.

मग या माणसाविषयीं हळहळ वाटावी काय? मला तसें वाटत नाहीं. यान्सीनें आपली कला पोटाला जुंपली नाहीं. म्हणून लाटेबरोबर ती चढली नाहीं व तिच्याबरोबर फुटलीही नाहीं. परंतु प्रत्येक कलावंतानें दिवसा गवत कापावें असा याचा अर्थ कोणी करूं नये. समाजानें एका रात्रीं टाळ्या द्याव्या, आणि दुसऱ्या सकाळीं त्यालाच मोटारी धुवावयास लावावें, हें कोणत्याही समाजाला शोभणारें नाहीं.

शिकागोची ही परंपरा मात्र त्या पिढीबरोबर संपली नाहीं. युद्धानंतर विजेच्या गिटारींचे वाद्यवृंद आले, तरी त्यांच्या पोटांत पियानो होताच. मडी वॉटर्सच्या वृंदांत ओटिस स्पॅन यानें तो वाजविला, आणि पुढें त्याच जागीं ज्यो विली पर्किन्स बसला. हा पाइनटॉप स्मिथची ती जुनी चीज वाजवी म्हणून लोक त्यालाही ‘पाइनटॉप’ म्हणूं लागले. चोविसाव्या वर्षीं गेलेल्या वादकाचें नांव अशा रीतीनें २०११ सालीं सत्त्याण्णवाव्या वर्षीं वारलेल्या दुसऱ्या वादकापर्यंत चालत आलें. १९८४ पासून शिकागो शहर दरवर्षीं आपल्या ब्लूज संगीताचा उत्सव उघड्यावर भरवूं लागलें. ज्या शहरानें या लोकांना एका पट्ट्यांत कोंडलें त्यानेंच त्यांच्या संगीतास आपलें भूषण म्हणावें, यांत काळाचा न्याय आहे. मात्र तो फार उशिरानें आला.

आपला व या विषयाचा संबंध अगदींच दूरचा आहे असें नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. तेव्हां त्या लोकांच्या दुःखाचें नातें महाराष्ट्रानें फार पूर्वींच ओळखलें होतें. पुढें या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या चौथ्या दशकांत टेडी वेदरफोर्ड हा शिकागोंत नांवाजलेला कृष्णवर्णीय पियानोवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असे. त्याचें वादन ब्लूजपेक्षां जॅझचें. पण शहर तेंच आणि काळही तोच. त्याच्यासारख्यांच्या सहवासांत मुंबईंतील गोमंतकीय वादक तयार झाले, आणि त्यांच्याच वर्गांतील चिक चॉकलेट याच्या साह्यानें आपल्या रामचंद्र चितळकरांनीं हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत तो नवा झोंक आणला. वेदरफोर्ड १९४५ सालीं कलकत्त्यास वारला. ज्यांनीं तीं गाणीं गुणगुणलीं त्यांतील फारच थोड्यांस त्याचें नांव ठाऊक असेल.

शेवटीं एका प्रसंगाचा उल्लेख करून हें विवेचन पुरें करतों. १९३८ च्या मैफलीच्या स्मरणार्थ १९६७ च्या जानेवारींत त्याच कार्नेगी सभागृहांत पुन्हां मैफल भरली. त्या तिघां पियानोवादकांपैकीं पीट जॉन्सन एकटाच उरला होता, आणि तोही पक्षाघातानें खचलेला. जो टर्नरनें त्याला हात धरून व्यासपीठावर आणलें. पियानोवर दुसरा वादक बसला होता. त्याच्या शेजारीं बसून जॉन्सननें ‘रोल एम पीट’ मधील उजव्या हाताचें काम तेवढें वाजविलें. डाव्या हाताचा भार त्या दुसऱ्यानें उचलला. दोन महिन्यांनीं, २३ मार्च रोजीं, जॉन्सनचें देहावसान झालें. परंपरा टिकते ती अशीच. ज्यानें ती घडविली त्याचा हात थकला कीं खालचा ठेका दुसऱ्या कोणी तरी धरावा लागतो. आणि तो धरतांना, हा ठेका प्रथम कोणत्या खोलींत, कोणाचें भाडें भरण्यासाठीं वाजला, हें ध्यानांत ठेवावें लागतें. सत्काराच्या मैफलींनीं एवढें केलें तरी त्या सार्थकीं लागल्या असें म्हणावें.